सिद्राम, पाणी बोअरचं होतं

सिद्राम, काल तुझी शोकसभा झाली आणि टाळ्या मला पडल्या.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवला होता. पुढं लिहायला घेतलं की तोंडात कडू येतंय. पण तुला सांगायचं ते तुलाच सांगायला पाहिजे. बाकीच्यांना सांगून झालं, त्याचं काय झालं तेही ऐक.

सभा आमच्या रंगखानेवाल्यांच्या संघटनेनं घेतली. हो, त्याच. बारा वर्षं तुला ‘सोलरअण्णा’ म्हणून हिणवलं, तुझी नक्कल करून दाखवली, तीच संघटना. हॉलच्या दाराशी हा भलामोठा फ्लेक्स. वर अध्यक्ष हात जोडून, त्यांच्या बाजूला झाडून सगळे पदाधिकारी, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढा तू. ‘पर्यावरणाचा खंदा पुरस्कर्ता हरपला.’ लाइट गेलेली, म्हणून खिडकीखाली डिझेलचा जनरेटर लावलेला, त्याचा धूर सरळ आत, तुझ्या फोटोच्या हारावर. कुणालाही खटकलं नाही. तुझ्या नावानं वृक्षारोपण म्हणून एक रोप आणलं होतं. खड्डाच खणला नव्हता कुणी! सगळ्यांनी आळीपाळीनं ते हातात धरून फोटो काढून घेतले आणि रोप परत नर्सरीच्या टेम्पोत गेलं. शिसारी आली बघ मला. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला ते जमत नाही, माझं डोकं फिरतं.

आपण पाचवीत भेटलो. तू दुधनीहून सोलापुरात मामाकडं शिकायला आलेला, मराठी बोलता बोलता मधेच कन्नड घुसवायचास. मी विणकराचा, घरी तेलुगू. दोघांचंही मराठी मास्तरांच्या कानाला खुपायचं, म्हणून दोघांना एकाच बाकावर, शेवटच्या रांगेत ढकललं. विज्ञानाच्या पुस्तकात हवेचं कोष्टक होतं. नायट्रोजन इतका, ऑक्सिजन इतका आणि सगळ्यात खाली कार्बन डायऑक्साइड, शून्य पूर्णांक शून्य तीन टक्के. ते शून्य माझ्या कधी लक्षात राहिलं नाही. त्यापायी मी छड्या खाल्ल्या आणि मला शिकवत बसलास म्हणून तूही खाल्ल्यास.

पुढं तू आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना शिकवायला लागलास आणि मी वडिलांच्या हातमागाच्या जागेवर रंगखाना टाकला. चादरीचं सूत रंगवून द्यायचं, हा धंदा. त्या रंगखान्यातली वायर न वायर तुझ्या हातची. एक दिवस तू रद्दीवाल्याकडनं तेच विज्ञानाचं पुस्तक शोधून आणलंस. माझ्या टेबलावर उघडलंस, तीनावर काट मारलीस आणि वर चार लिहिलंस.

“हे बघ बे व्यंक्या. मार खाऊन पाठ केलं ते बी खोटं ठरलं. आपल्याच हयातीत.”

मी म्हणालो, “अरे शंभरात शून्य पूर्णांक काहीतरी! एवढ्याशानं काय व्हायलंय?”

उठलास, बादलीभर पाणी घेतलंस, रफिक मास्तरच्या डब्यातला लाल रंग करंगळीच्या टोकाला लावलास आणि करंगळी पाण्यात बुडवलीस. रफिक मास्तर म्हणजे माझा रंगारी, त्याच्या डब्याला मीसुद्धा हात लावत नव्हतो, तो ओरडतच धावत आला. बादली लालेलाल. तू म्हणालास, “किती घातला? एवढासाच की. आता काढ बघू भाइर.”

तिथं मी हरलो, हे तुला कधी कबूल केलं नाही. तुझ्यासमोर हार मानायची माझी पद्धतच नव्हती. मी लगेच दुसरीकडं उडी मारली. चीन-अमेरिका एवढा धूर ओकायलेत, माझ्या एका चिमणीनं काय जग तापणार? तू म्हणालास, शेजाऱ्यानं रस्त्यावर कचरा टाकला म्हणून तू टाकतोस का? मी म्हणालो, टाकतो की! त्यावर तू इतका हसलास की खुर्चीवरनं पडायचा बाकी होतास.

आपलं भांडण कधी संपलंच नाही. रंगाचं पाणी सोलरवर तापव, हा तुझा धोशा. मी म्हणायचो, सूर्य मावळल्यावर काय करणार? ढग आल्यावर काय? तू म्हणायचास, मी कुठं बॉयलर फोडून टाक म्हणायलोय? रंग चढवायला साठ अंश पाणी लागतं, ते सूर्य देतो फुकट. शेवटी रंगलेलं सूत साबणाच्या पाण्यात उकळायला बॉयलर लागतो, तो लाव. निम्मा कोळसा तरी वाचंल. एवढंच तुझं म्हणणं होतं, सिद्राम. एवढं साधं. आणि आमच्या लोकांनी त्याचं काय केलं? ‘हा बाबा कारखाने बंद पाडायला निघालाय.’ उलट सोलर विकणाऱ्यांशीही तुझं पटलं नाही. एका एजंटानं तुला स्टेजवर बसवलं, तर तू माइकवरच सांगितलंस की आपल्याकडच्या पाण्यानं ह्या पाणी तापवायच्या नळ्या क्षार धरून बुजतात, तीन वर्षांत धुवायला लागतील, आधी ते शिकून घ्या. माइक काढून घेतला त्यानं. दुधनीकडं चुलत्याच्या रानात सोलरची प्लेट बसवायला कडुलिंबाची रांग तोडली तेव्हा तू तिथं जाऊन शिव्या देऊन आलास. म्हणालास, सूर्य पकडायला सावली तोडायलेत, येडे. इकडच्यांना तू कोळशाचा दुश्मन आणि तिकडच्यांना तू सोलरचा दुश्मन. खरं बोलणाऱ्या माणसाला बसायला जागाच ठेवत नाहीत हे लोक.

माझ्या धर्मावरही घसरायचास. “तुमी मेल्यावर बी धूर सोडता. क्विंटलानं लाकडं जाळता. आमच्यात बघ. खड्ड्यात बसवायचं, विभूती लावायची, माती लोटायची. धूर न्हाई, राख न्हाई.” मी म्हणायचो, आणि जिवंतपणी तुझी लुना सोडती तो धूर कुणाच्या खात्यावर? पुढच्या आठवड्यात तू लुना विकून सायकलवर आलास. असला माणूस! वाद घालायचीसुद्धा सोय नाही.

दहा दिवसांपूर्वी तुला तसंच बसवलं. कपाळभर विभूती, बेलाची पानं, मांडी घातलेली. आता उठून काहीतरी ऐकवशील असं वाटत होतं. मी मूठभर माती टाकली आणि तुझं ते लाकडांचं बोलणं आठवून मला खुदकन हसू फुटलं. सगळे वळून बघायला लागले. मग जे रडू आलं ते आवरेना.

आता मुद्द्याचं लिहितो. टाळाटाळ पुरे झाली.

बारा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. तू माझ्या पत्र्यावर सोलरच्या नळ्या बसवल्यास. भर उन्हात पत्र्यावर चढायचास, तळपायाला फोड आले तर वरनं ओलं पोतं बांधलंस. संघटनेतल्या सहा जणांनी कबूल केलं होतं की व्यंकटच्या इथं मरून रंगाच्या सुताचा एक लॉट नीट निघाला तर आम्हीही बसवतो. सहा रंगखाने, सिद्राम. तू त्या सहा जणांच्या छपराची मापं आधीच घेऊन ठेवली होतीस.

मुहूर्त मी काढला. गुरुपुष्यामृत. तू म्हणालास, “सूर्य रोजच उगवतोय की, त्याला कशाला मुहूर्त?” पण मी ऐकलं नाही. आमच्या घरात नवीन कढई आणली तरी दिवस बघतात. अध्यक्ष येणार, सगळे शेठ येणार, सूत देणारी गिऱ्हाइकं येणार, नारळ फुटणार. आणि नेमका त्या दिवशी नळ आला नाही. पाचव्या दिवशी यायचा, तो सहाव्यावर गेला. टाकी तळाला. टँकरवाला म्हणाला दुपारनंतर. मुहूर्त अकराचा. रफिक मास्तर म्हणाला थांबू या. मी म्हणालो, मुहूर्त टळला तर परत असा योग कधी? बोअर सोड टाकीत.

बोअरचं पाणी. आपल्या सोलापूरचं बोअर, ज्याला साबणाचा फेससुद्धा येत नाही. त्यात मरून रंग कधी सारखा धरत नाही हे कुठलाही रंगारी झोपेत सांगेल. मला माहीत होतं. मी म्हणालो, एवढ्यानं काय व्हायलंय. तेच वाक्य, शब्दाला शब्द.

तू तेव्हा वर पत्र्यावर होतास, नळ्या पुसत. तुला दिसलंच नाही.

सुताच्या लडी बाहेर आल्या त्या डागाळलेल्या. कुठं विटकरी, कुठं काळपट. सगळे शेठ बघत उभे. अध्यक्ष म्हणाले, “सूर्यावर चादर वाळवायची असती अण्णा, रंगवायची नसती.” खो खो हसले सगळे. तू थर्मामीटर हातात घेऊन तसाच उभा. पुनःपुन्हा बघायलास. मग माझ्याकडं वळून विचारलंस, “पाणी कुठलं होतं व्यंक्या?”

आणि मी म्हणालो, “नळाचं की.”

का म्हणालो? समोर सगळी गिऱ्हाइकं उभी होती म्हणून. बोअरवर मरून काढणारा रंगारी, ही बोंब झाली असती तर दुसऱ्या दिवसापासनं माझ्याकडं कुणी सूत टाकलं नसतं. तुझं काय, तू पेन्शनीचा माणूस, तुला हसले तर हसले, असा हिशेब मी एका क्षणात मांडला. थू माझ्या तोंडावर. बाकीच्यांची मला किळस येते ती ह्याच्यानंतरची आहे, पहिली माझी.

संध्याकाळी रफिक मास्तर जवळ आला. “शेठ, सोलर कू कायकू नाम रखते? पानी बोअर का था. मैं बोल्या था ना.” मी त्याला गप्प बसवलं. तो भला माणूस, गप्प बसला, आणि पुढं वर्षभरात भिवंडीला निघून गेला. त्याच्या जाण्याचंही मला तेव्हा बरंच वाटलं.

त्या सहा जणांनी माघार घेतली. माझ्या पत्र्यावरच्या नळ्या मी झाकून ठेवल्या आणि कोळसा मागवला, आधी मागवायचो तेवढाच. बारा वर्षं सात चिमण्या पूर्ण धूर ओकत राहिल्या, ज्या निम्म्यावर आल्या असत्या. त्यानं जग वाचलं असतं असं म्हणत नाही. पण तो धूर माझ्या एका शब्दानं वर गेलाय आणि तो आता कुणालाही बाहेर काढता येत नाही. तूच तर दाखवलं होतंस.

आणि तू? तू दर दोन-चार महिन्यांनी सायकल लावून आत यायचास, चहा घ्यायचास आणि घसा खाकरून म्हणायचास, “व्यंक्या, मी काय म्हणतो, ते पाइपचं वळण चुकलं असंल का?” पुढच्या वेळी, “वरच्या टाकीत थंड पाणी मिसळत असंल का बे?” एकदा तर शंका काढलीस की तुझा थर्मामीटरच खोटा असेल, आणि नवीन घेऊन आलास. नळ्या, पाइप, टाकी, हवा, ढग, स्वतःचं डोकं, सगळ्यावर संशय घेतलास. माझ्या शब्दावर घेतला नाहीस. एकदाही. मी म्हणायचो, “जाऊ दे की, किती उगाळतोस?” वर ही मिजास! दुसऱ्यावर उपकार करतोय असा आवाज लावायचो मी.

कितीदा ओठावर आलं. तुझ्या पोरीच्या, संगीताच्या लग्नात पंगतीत शेजारी बसलो होतो तेव्हा आलं. मला हार्टचा त्रास झाला आणि तू आठ दिवस माझ्या उशाशी बसलास, मला पेपर वाचून दाखवलास, त्यात कोळशाची बातमी आली की मुद्दाम गाळायचास, मला वाद घालायचा ताण नको म्हणून. तेव्हा तर अगदी जिभेवर आलं होतं. पण जितकी वर्षं गेली तितकं ते जड झालं. पहिल्या दिवशी ती एक चूक होती. दहा वर्षांनी ती सांगायची म्हणजे दहा वर्षांचं सगळं सांगायला लागलं असतं.

शेवटच्या दुपारी दवाखान्यात तुझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. बोलू नको म्हणून सांगून ठेवलेलं. तू बोटानं मला जवळ बोलावलंस. वाटलं, संगीताबद्दल काही सांगशील, वहिनींबद्दल सांगशील. तू म्हणालास, “कुटं चुकलं बे?”

मी म्हणालो, “झोप.”

हा माझा तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द.

काल सभेत अध्यक्ष उठले. “सिद्रामअण्णांचा प्रयोग फसला हे खरं, पण तळमळ खरी होती.” फसला! वर पुढं म्हणतात, अण्णांचं स्वप्न संघटना पूर्ण करणार, हरित सोलापूर करणार. ह्यांच्या कारखान्यातली राख ओढ्यात जाते, आणि हे हरित करणार. मला बसवेना. उठलो, माइक हिसकावलाच म्हण. सांगितलं सगळं. मुहूर्त सांगितला, नळ आला नव्हता ते सांगितलं, बोअर मी सोडायला लावलं हे सांगितलं. “प्रयोग फसला नव्हता. मी फसवला होता. हा माणूस बरोबर होता,” एवढं बोलून हात जोडले.

मला वाटलं आता शिव्या घालतील. घालायलाच पाहिजे होत्या, मी त्याच्यासाठीच उभा होतो.

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे पुसले, खरंच पुसले. म्हणाले, “मैत्री बघा मंडळी! मित्र गेला, तर त्याचं अपयश स्वतःच्या डोक्यावर घेतलं. व्यंकटशेठ, मोठं मन लागतं ह्याला.” आणि टाळ्या. कडकडून टाळ्या, सिद्राम. मी ओरडत होतो, अहो खरं सांगतोय, खरंच बोअर सोडलं होतं. दोघं जण मला धरून खुर्चीवर बसवायला लागले, पाणी द्यायला लागले. “शेठ, भावना समजू शकतो.” बाहेर उप्पीट तयार होतं, सगळे तिकडं वळले. एक जण जाता जाता म्हणाला, पुढच्या महिन्यात आमच्या काकांचं वर्षश्राद्ध आहे, तुम्ही दोन शब्द बोलायला या.

तिथनं तडक तुझ्या घरी गेलो. वहिनी सभेला आल्या नव्हत्या. मला वाटलं, ह्या ऐकतील, ह्यांना माझं खरं-खोटं कळतं. ओसरीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. “या व्यंकटअण्णा,” म्हणाल्या आणि सूप जरा बाजूला ओढून मला जागा केली. मी खाली बसलो आणि परत पहिल्यापासनं सगळं सांगितलं.

वहिनींनी विश्वास ठेवला, हे मला लगेच कळलं, कारण निवडता निवडता त्यांचे हात थांबले.

म्हणाल्या, “तवा हितं येऊन एकदा सांगायचं होतं की वो. मी कुनाला बोलले नसते.”

मी म्हणालो, “धंदा बुडेल म्हणून भ्यालो, वहिनी.”

“आमच्या मालकांनी तुमचा लॉट बिघडवला म्हनून मला लई लाज वाटायची. माज्या माहेरी बी सांगितलं होतं मी. आमटी गार झाली की मीच त्यांना म्हनायचे, सोलरवर तापवली वाटतं. पाहुन्यांसमोर बी म्हनायचे. बारा वर्षं म्हनले. हसायचे वो ते. हसायचे, पन मग दोन घास कमीच खायचे.”

मी मान वर केली नाही. “माझी चूक वहिनी, तुमची नाही,” एवढं कसंबसं म्हणालो.

वहिनी उठल्या. रडत नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या, त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं इतकंच. दाराशी जाऊन त्यांनी माझ्या चपला सरळ करून ठेवल्या, पाहुणा निघाला की ठेवतात तशा.

“तुमी मला सांगून मोकळं झाला, अण्णा,” त्या म्हणाल्या. “आता मी कुनाला सांगू?”